कुंडीखालची खुर्ची

हसू नका मित्रांनो, पण मी संग्रहालयातली खुर्ची आहे आणि माझ्यावर कोणी बसत नाही. माझ्याभोवती लाल दोरी आहे, समोर पाटी आहे, डोक्यावर दिवा आहे. सुट्टीच्या दिवशी तुमच्यासारखी मुलं रांगेने येतात, पाटी वाचतात आणि शेजारच्या तोफेकडे पळतात. तोफेपुढे माझं काय चालणार! पाटीवर लिहिलं आहे, ‘या खुर्चीवर बसून जनरलसाहेबांनी युद्ध जिंकले.’ साफ चूक आहे ती. युद्धात साहेब माझ्यावर एकदाही टेकले नाहीत.

मी घडीची, लाकडी, तंबूच्या कापडाची खुर्ची. शत्रू नदीपर्यंत आला होता तेव्हा छावणीतल्या सुताराने काडतुसांच्या खोक्यांच्या फळ्या तासून मला बनवलं. सुतार भारी बोलका. कापड ताणून खिळे ठोकताना मला म्हणाला, “बाई गं, जरा दमदार हो. साहेबांनी सांगितलंय, हिच्यावर बसणाऱ्याचे पाय लटपटत असतील.” मला वाटलं, आजारी माणसांसाठी आहे की काय मी! माझा एक पाय मात्र त्याच्या हातून थोडा आखूड झाला. तो अजूनही डुगडुगतो.

साहेबांची एक पद्धत होती. चांगली बातमी कोणीही दारातूनच ओरडून सांगावी. वाईट बातमी आणणाऱ्याने मात्र आधी माझ्यावर बसायचं. साहेब स्वतः त्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायचे, हात पाठीमागे बांधून समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, “आधी बस. मग बोल.” माझ्यावर बसलेल्याला कोणी रागवायचं नाही, मध्ये तोडायचं नाही. मोठमोठे अधिकारी तंबूत असले तरी त्यांनीही तोंड मिटून उभं राहायचं.

एकदा एक तरुण कप्तान आला. शत्रू आला असं समजून त्याने घाईघाईत पूल उडवला होता आणि आपलीच एक तुकडी पलीकडे अडकली होती. तो माझ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. साहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने कप्तानाला तिथेच फाडून खाल्लं असतं. साहेबांनी त्याला पाणी संपवू दिलं आणि विचारलं, “नदी पायी ओलांडता येईल असा उतार कुठे आहे, ते तुला माहीत असेल ना?” त्याला माहीत होतं. पहाटेपर्यंत सगळी तुकडी छातीभर पाण्यातून परत आली. असं जिंकलं जातं मित्रांनो युद्ध. मी पाहिलंय.

माझ्यावर सगळ्यांत जास्त वेळा बसला तो बिनतारी यंत्रावरचा शिपाई. दिवसभर कानांना यंत्र लावून बसायचा आणि आलेला निरोप घेऊन धावत यायचा. सगळे त्याला ‘बातम्या’ म्हणत. “आला बघा बातम्या, आता कोणाचं काय बिघडलं?” अशी त्याची थट्टा व्हायची. शेवटच्या लढाईत त्याचा एक पाय गुडघ्यापासून गेला. दवाखान्यातून कुबडी घेऊन तो साहेबांना भेटायला आला, तेव्हाही माझ्यावरच बसला. म्हणाला, “साहेब, आज वाईट बातमी माझीच आहे. आता मला पळत येता येणार नाही.” साहेबांनी त्याला मिठीच मारली. तो दिवस आठवला की अजून माझं कापड सैल पडतं.

युद्ध संपलं. लोकांनी साहेबांना खांद्यावर घेतलं, हार घातले, निवडून दिलं. देशाचा कारभार साहेबांच्या हाती आला आणि मीही त्यांच्यामागून राजधानीच्या मोठ्या कचेरीत गेले. केवढा तो गालिचा! गालिच्यावर माझा आखूड पायसुद्धा डुगडुगेनासा झाला. पहिली काही वर्षं पद्धत तशीच चालली. एक मंत्री माझ्यावर बसून चाचरत म्हणाला, “नवे रस्ते कागदावरच आहेत, साहेब.” साहेब उभे राहून ऐकत राहिले. पुढच्या वर्षी रस्ते खरोखरच झाले.

मग हळूहळू माझ्यावर बसणारे कमी झाले. का ते मला आधी कळलंच नाही. समोर मऊ सोफे आले होते. त्यांवर बसणारी माणसं हसतमुख होती. “साहेब, तुमचं कसं चुकेल!” असं एकाने म्हटलं की दुसरा मान डोलवायचा. साहेबही हसायचे. मला त्यांचा राग नाही हो. इतकी वर्षं वाईट तेवढं ऐकलेल्या माणसाला थोडं गोड ऐकावंसं वाटणारच. पण मी दाराकडे डोळे लावून बसायचे. आज तरी कोणी येईल, धापा टाकत येईल, असं वाटायचं.

एके दिवशी परदेशी पाहुणे येणार होते. सचिवांनी मला पाहून नाक मुरडलं. “हे काय भंगार ठेवलंय इथे?” म्हणाले, आणि मला कोपऱ्यात सरकवून माझ्यावर एक भलीमोठी पितळी कुंडी ठेवली. साहेबांनी पाहिलं आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. पाहुणे येऊन गेले. कुंडी तिथेच राहिली.

अशात बातम्या आला. आता तो रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. केस पांढरे झाले होते, पण मी कुबडीच्या आवाजावरून ओळखलं. नदीकाठच्या गावात गिरणी बंद पडली होती आणि लोक रस्त्यावर उतरले होते. सोफ्यावरच्यांनी सांगितलं होतं की ते हत्यारबंद बंडखोर आहेत. साहेब तिथे सैन्य धाडणार होते. बातम्याने मला शोधलं, माझ्यावरची कुंडी पाहिली आणि कुबडीवर रेलून उभाच राहिला.

“साहेब, ते बंडखोर नाहीत. गिरणीतले कामगार आहेत, उपाशी आहेत. माझा धाकटा भाऊ आहे त्यांच्यात. सैन्य नका पाठवू.”

“मला सगळी माहिती मिळालीय,” साहेब म्हणाले. ते पहिल्यांदाच बसून ऐकत होते. “युद्धात चुकलो होतो का मी कधी?”

“चुकला होतात की, साहेब. कितीदा तरी! आम्ही बसून सांगायचो, म्हणून निभावलं.”

साहेब उठले आणि माझ्यापाशी आले. त्यांचा हात कुंडीला लागला. उचला, साहेब, उचला ना! मी मनातल्या मनात ओरडत होते. एवढ्यात सचिव दारात आले, “बाहेर मंडळी खोळंबलीत.” साहेबांनी रोपाचं एक पिवळं पान खुडलं, म्हणाले, “बघू,” आणि निघून गेले. जाताना बातम्याने माझ्या हातावरची धूळ पुसली.

चार दिवसांनी सचिवांनी उभ्या उभ्या सांगितलं, “गावात शांतता झाली आहे.” मृतांची नावं त्यांनी वाचली नाहीत. साहेबांनीच कागद मागून घेतला. वाचता वाचता ते एका ओळीवर थांबले. त्या दिवसानंतर ते कोपऱ्याकडे बघेनासे झाले.

पुढच्या निवडणुकीत साहेब हरले. कचेरी सोडायच्या दिवशी सोफ्यावर कोणी नव्हतं. साहेबांनी स्वतः कुंडी उचलून खाली ठेवली, माझी घडी घातली आणि मला काखेत मारून बातम्याच्या दुकानात नेलं. रेडिओच्या पसाऱ्यात जागा करून त्यांनी मला मांडलं आणि समोर उभे राहिले. बातम्या एकटक बघत होता. मग त्याने माठातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं. एका हातात कुबडी होती, म्हणून दुसरा एकच हात पाठीमागे नेला आणि तो ताठ उभा राहिला.

“आधी बसा. मग बोला.”

साहेब माझ्यावर बसले. पहिल्यांदाच. किती थरथरत होते त्यांचे पाय!

“तुझा भाऊ माझ्या हुकुमाने गेला,” साहेब म्हणाले. “तू सांगायला आला होतास. मी तुला बसवलं नाही.”

बातम्या रागावला नाही. माझ्यावर बसलेल्याला रागवायचं नसतं. पण माफ केलं, असंही तो म्हणाला नाही. पेला रिकामा होईपर्यंत तो उभा राहिला.

आता दोघेही नाहीत. मला इथे दिव्याखाली ठेवलंय, रोज पुसतात, काही कमी नाही. तरी कोणी धावत आलं, तोफेकडेच का होईना, की माझं कापड ताणलं जातं. वाटतं, आला बातम्या! पण धावणारा पुढे निघून जातो.

मित्रांनो, माझ्यावर बसू नका, पहारेकरी ओरडेल. पण तुम्हीही उद्या मोठे व्हाल, लोक तुमचं कौतुक करतील, आणि कोणीतरी नकोशी बातमी घेऊन तुमच्या दारात उभं राहील. तेव्हा एवढंच करा. खुर्चीवरची कुंडी उचला आणि त्याला आधी बसू द्या.