परबकाकांच्या छातीतलं पाणी

चेतना एमडीसाठी मालाडच्या एका रुग्णालयात नुकतीच रुजू झाली होती. वॉर्डातल्या धोंडू परबांच्या छातीत पाणी साचून त्यांना धाप लागत होती. ते सुईने काढायचं काम वरिष्ठ डॉक्टर मानसीने चेतनाला सांगितलं.

"मॅडम, मी हे फक्त पाहिलंय. एकटीने नाही जमणार."

"बरं झालं बोललीस. मी शेजारी उभी राहते."

परबकाकांनी हे ऐकलं होतं. आता ते नकार देतील, असं चेतनाला वाटलं.

"सावकाश कर गो बाय," ते म्हणाले, "माका खंय घाई आसा."

मानसीने बरगड्यांमधली जागा बोटाने दाखवली. चेतनाने सुई घातली, तसं पिवळसर पाणी नळीतून उतरू लागलं. थोड्या वेळाने काकांचा श्वास संथ झाला आणि ते बसल्या बसल्या पेंगू लागले.