तिसरी सूचना

परीक्षा चालू असताना विद्यार्थ्याला फोन करायचा नाही, हा नियम माझाच. जळगावात एका खासगी विद्यापीठाचं ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, तिथे मी सहा वर्षं तांत्रिक मदतीचं काम बघते. नव्या प्राध्यापकांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की खेड्यातल्या तुटपुंज्या रेंजवर फोन वाजला की इंटरनेट तुटतं आणि पेपर हातचा जातो. सांगताना माझा आवाज चढतो, कारण ही मंडळी ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि मला राग लवकर येतो.

त्या दिवशी बी.ए.चा शेवटचा पेपर होता, अकरा ते एक. माझ्या पडद्यावर चाळीस चौकोन, चाळीस चेहरे. पावणेबाराला त्यातला एक लाल झाला. दिपमाला.

दिपमालाला मी तीन वर्षं ओळखत होते, पण फोनवरूनच. साक्रीच्या पुढचं डोंगराकडचं गाव. घरात रेंज नाही, टेकडीवर पवनचक्कीजवळ गेलं की येते. घरचं सगळं उरकून ती टेकडी चढायची आणि तिथून मला विचारायची, "मॅडम, व्हिडिओ नुसता गोल फिरतोय, काय करू?" पदवीसाठीची तिची सहा वर्षांची मुदत याच परीक्षेला संपत होती. हा पेपर गेला तर मागचे सगळे पेपर पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चौकोनाखाली लिहिलं होतं, 'चेहरा दिसत नाही. पहिली सूचना.' मी चौकोन मोठा केला. उत्तरं कागदावर लिहायची असतात, फोन फक्त प्रश्न दाखवतो आणि पहारा करतो. दिपमाला दगडावर बसून लिहीत होती आणि डोक्यावरचा पदर तिनं पार डोळ्यांपर्यंत ओढला होता. तेवढ्यात कडेला जाडजूड बोटं दिसली. 'दुसरी व्यक्ती. दुसरी सूचना.'

मग माझ्या लक्षात आलं. टेकडीवर वारा वाढला होता, फोन कशाला टेकून उभा राहत नव्हता, म्हणून तिचे सासरे, पुना आबा, तो हातात धरून उभे होते. आणि सासरे समोर म्हणजे सुनेचा पदर खाली. यात लबाडी तिळभर नव्हती. पण संगणकाला सासरा कळत नाही. तिसऱ्या सूचनेला पेपर आपोआप रद्द होतो.

मी तिच्या पडद्यावर संदेश पाठवला, 'पदर मागे घ्या.' तिनं उघडला नाही. उघडेल कशी? पेपर चालू असताना पडद्याला हात लावायचा नाही, हेही आम्हीच घोकून घेतलं होतं. दुसरा पाठवला, तिसरा पाठवला. ती मान खाली घालून लिहितच होती. चौकोनाखालची पट्टी केशरी झाली, म्हणजे सूचना यायच्या बेतात.

आमचे केंद्रप्रमुख बन्सीलाल सर शेजारीच होते. ते म्हणाले, "सूचना थांबवायचा अधिकार परीक्षा विभागाला आहे. मी बोलून येतो. मेघा, दोन मिनिटं कशाला हात लावू नकोस."

दोन मिनिटं थांबायचा माझा स्वभाव नाही. ते दाराबाहेर पडले आणि मी फोन उचलून तिचा नंबर लावला.

रिंग गेली आणि चौकोन काळा झाला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सहा वर्षं जे दुसऱ्यांना बजावत होते, तेच मी स्वतः केलं होतं.

"हालो, कोन बोली ऱ्हायनं?" पुना आबांचा आवाज.

"आबा, विद्यापीठातून मेघा बोलतेय. फोन ठेवा, लगेच ठेवा."

"राम राम ताई. दिपमाला पेपर लिखी ऱ्हायनी. मी फोन धरीसन उभा शे, तुम्ही काळजी..."

मोठ्या मॅडमचा फोन आपण आधी कसा ठेवायचा, म्हणून ते बोलतच राहिले. मीच कापला. पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले होते. पाच मिनिटांत विद्यार्थी परत आला नाही तर पेपर बंद. चार. तीन. तिचं नाव एकदा उजळलं, मी खुर्चीतून उठले, आणि ते पुन्हा विझलं. दोन. एक. मला रडू येत होतं आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. मग चौकोन पडद्यावरून गेला आणि बाकीचे एकोणचाळीस सरकून त्याच्या जागेवर आले.

बन्सीलाल सर आत आले. "झालं काम. तिच्या सूचना थांबवल्या. लिहू दे तिला निवांत."

"सर, मी फोन लावला," मी म्हणाले.

ते खाली बसले. हळू आवाजात म्हणाले, "अहवालात 'स्वतःहून बाहेर' लिही. महिनाअखेर तुझा करार संपतोय. केंद्राची चूक लिहिलीस तर खाली तुझं नाव जाईल, आणि मग मलाही काही करता येणार नाही."

केंद्राची चूक असेल तर आठ दिवसांत पुन्हा पेपर मिळतो. 'स्वतःहून बाहेर' म्हणजे नापास. सर वाईट माणूस नाहीत, माझ्या भल्याचंच सांगत होते. मी मुकाट्यानं 'स्वतःहून बाहेर' निवडलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला माझी नोकरीच दिसत होती. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि फोन वाजला.

"ताई, चुकी मनी शे," पुना आबा म्हणाले. मागे वारा घोंघावत होता. "मना हात हालना. म्हाताराना हात, कितला येळ धरसू? वहूनं कायच चुकनं नही. तिले नापास नका करू."

मला लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.

"आबा, तुमचा हात नाही हलला," मी म्हणाले. "पेपर चालू असताना मी फोन केला, म्हणून तो तुटला. चूक माझी आहे. तिचा पेपर पुन्हा होईल."

मग त्यांनी विचारलं, "मंग तुम्हले काही करतीन का?"

"बघू आबा."

सर खिडकीतून बाहेर बघत होते. मी निवडलेलं खोडलं आणि 'केंद्राची चूक' निवडलं. कारण लिहिलं, 'परीक्षा चालू असताना मदत कक्षातून विद्यार्थिनीला फोन केला.' खालच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.

आबांनी फोन ठेवला नव्हता. या वेळी मीही ठेवला नाही.