वाकणपाड्याचा निरोगी आकडा

साहेबलोकांच्या दारात चार वर्षं चपला झिजवल्या, तेव्हा कुठे इलाना नवगावकरांचं म्हणणं मान्य झालं. म्हणणं तसं साधंच होतं. कंटेनरचा तळ, गोदाम, मोठा रस्ता आखण्याआधी तिथल्या माणसांची तब्येत बघा. जी वस्ती आधीच खोकतेय तिच्या माथी आणखी धूर मारू नका. याला कागदावर 'आरोग्य परिणाम मूल्यांकन' असं भारदस्त नाव आहे. पनवेलच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बेडके तपासून निवृत्त झालेल्या बाईंना कुठलंही नाव चाललं असतं.

पहिलीच परीक्षा कस पाहणारी निघाली. ट्रेलर उभे करायला दोन जागा बघून ठेवल्या होत्या. एक जासईच्या पलीकडे, वाकणपाड्याच्या शाळेमागे, जिथे तिन्ही बाजूंना आधीच कंटेनर रचलेले. दुसरी पनवेलच्या कडेला, नव्या टॉवरांच्या शेजारी. दम्याचे रोगी जिथे जास्त, तिथे तळ नाही, असं आराखड्याचे अधिकारी विश्वजीत यांनी चक्क लेखी दिलं. प्रश्नावली बाईंनी स्वतः केली, शब्द न शब्द. "आकडा बोलेल, आपण बोलायचं नाही," असं त्या सर्वेच्या मुलींना दिवसातून चारदा ऐकवत.

आकडा बोलला. टॉवरांमध्ये शंभरात अकरा जणांना दमा, वाकणपाड्यात चार.

बाईंचा विश्वास बसेना. टॉवरवाल्यांकडे डॉक्टर, चाचण्या, फाइली, त्यामुळे त्यांचा रोग कागदावर सापडतो, एवढं त्यांना कळत होतं. पण सात जणांचा फरक? बेरजा तर चोख होत्या. आयुष्यभर ज्यांनी कुणाला 'मला वाटतं' म्हणू दिलं नाही, त्यांना ऐन वेळी स्वतः तसं म्हणायची लाज वाटली. त्यांनी सही केली.

तळ वाकणपाड्यातच होणार, असं मे महिन्यात पेपरात आलं आणि बाईंना घरात बसवेना. त्यांनी उरणची एसटी पकडली आणि हौसाबाईंचं घर गाठलं. हौसाबाई पूर्वी मिठागरात राबलेल्या. सर्वेच्या मुली उन्हातून आल्या की त्यांच्याच ओटीवर पाणी प्यायच्या. आज दोरीवर शाळेचा एक छोटा निळा फ्रॉक वाळत होता.

"हा कुणाचा?"

"अंकिताचा. नातीचा. धूळ बसते म्हनून धुते मधेमधे."

"आणि ती कुठेय?"

"म्हसळ्याला, मामाकडं. दिवालीपासून. हिकरं तिला दम लागतो ना, रात रात बसून काढायची पोर. तिकरं बरी हाय. तुमी बोल्लाव ना, तल दुसरीकरं जानार. मंग जूनला आनते तिला, शालेच्या टायमाला."

"हौसाबाई, मुली विचारायला आल्या तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं, गेल्या म्हैन्याभरात घरात ऱ्हातात त्यातलं कोन आजारी हाय? घरात नवताच कोन आजारी. खोटं कशाला सांगू?"

खरंच, कशाला सांगेल? त्या दुपारी दोघी दारोदार फिरल्या. चौसष्ट घरं. सत्तावीस घरांतून कुणी ना कुणी बाहेर पाठवलेलं. पोर मामाकडे, म्हातारा लेकीकडे पेणला, एक बाळंतीण तर माहेराहून परतलीच नव्हती. गावाची ही जुनी रीत, दमेकऱ्याला कंटेनर-यार्डाच्या धुळीतून उचलायचं आणि नातलगांत ठेवायचं. जे खोकत होते ते गेले, जे उरले ते धडधाकट, आणि बाईंच्या मुली धडधाकटांना मोजून परतल्या.

परतीच्या एसटीत बाईंना स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भाऊ बेन इस्रायलमध्ये, अश्दोदला, मुलगा शमुएल त्याच्या मागोमाग, सगळं गणगोत तिकडेच. दर शुक्रवारी शब्बाथचा दिवा त्या एकट्या लावतात. त्यांच्या दारात येऊन कुणी 'घरात किती जण?' विचारलं असतं, तर एक लिहून घेऊन गेलं असतं. गेलेल्यांचीही मोजणी करायची असते हे साऱ्या पनवेलमध्ये त्यांनाच कळायला हवं होतं, आणि त्यांच्याच प्रश्नावलीत त्यासाठी एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत यांनी यादी शांतपणे वाचली. माणूस वाईट नव्हता, चहाही मागवला.

"मॅडम, हरकतींची मुदत मंगळवारी संपली."

"मुदत गेली खड्ड्यात. अहवाल चुकलाय. माझी चूक आहे, तसं मी लिहून देते."

"समजा घेतलं. पण ही माणसं तिथे राहत नाहीत. तळाचा त्रास त्यांना होणार कसा? उलट तुमची यादी सांगते, जे राहतात ते ठीक आहेत." ते थोडे अवघडले. "खरं सांगू? सर्वे नसता, तर शाळेमागे तळ टाकायला आम्ही कचरलो असतो. आता तुमची सही आहे."

बाईंनी चहा तसाच ठेवला.

पुढचे दहा दिवस त्यांनी वरच्या साहेबांना पत्रं लिहिली, वकिलाला गाठलं, एका वार्ताहराने दोनदा वेळ देऊन दोनदा टाळलं. कुठेच काही हललं नाही. जूनच्या पहिल्या सोमवारी त्या वाकणपाड्यात गेल्या तेव्हा शाळेमागे भराव पडत होता.

हौसाबाईंनी एकच विचारलं, "मंग पोरीला आनू का नको?"

"नका आणू," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे झालं हे."

हौसाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि वहीतला एक कोरा कागद घेऊन आल्या. "मामा बोलतो, शालेचा दाखला धाड, तिकरं नाव घालतो. तुमचं अक्शर बरं हाय. अर्ज लिवा."

बाईंनी ओटीवर बसून अर्ज लिहिला. दाखला काढण्याचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात आपोआप दम्याकडे वळला. निदान एका कागदावर तरी खरं राहील, असं त्यांना वाटलं.

हौसाबाईंना अक्षरओळख जेमतेम होती, पण तेवढी होती. त्यांनी पेन धरलं. "आजार नका लिवू, बाय. पोरीची जात हाय. उंद्या तिला बगायला लोकं येतील, कागद कुठंतरी निंगंल."

भरावाचा डंपर दारावरून गेला. ओटीवर धूळ आली आणि हौसाबाईंनी पदर नाकाला लावला.

बाईंनी 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.