निशाणीवाली मासोळी

संगणकाने ‘चार’ म्हटलं तेव्हा मी आधी संगणकालाच दोष दिला. एरवी मी माणसांना दोष देते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ही यादी माझ्या मायने केलेली होती आणि मायच्या नोंदीवर आमच्या भागात कुणी बोट ठेवत नाही.

मी टीना. गोंदियाच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, फुलचूरला दोन खोल्यांत राहते आणि चार वर्षांपासून पीएचडी करते आहे. मोजणीची एकच पद्धत निरनिराळ्या शास्त्रांत कशी चालते, हा माझा विषय. पद्धत अगदी साधी आहे. तळ्यातून दोनशे मासे धरा, पराला बारीक छाट देऊन निशाणी करा, सोडून द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तीनशे धरा. त्यात साठांना निशाणी दिसली, म्हणजे पाचातल्या एकाला, तर तळ्यात एकूण हजार मासे आहेत. सगळं तळं उपसायची गरज नाही.

हीच पद्धत आजाऱ्यांनाही लावता येते. एक यादी शाळेतल्या रक्ततपासणीची, दुसरी आशाताईंनी घरोघर फिरून केलेली. दोन्ही याद्यांत किती नावं सामाईक आहेत ते पाहायचं आणि कुठल्याच यादीत न आलेले किती असतील ते काढायचं. माझे मार्गदर्शक देवानंद सर म्हणतात, “सूत्राला मासा काय न् माणूस काय, सारखंच.” हे वाक्य मी माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं होतं. आता काढलं आहे.

मी सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या एका आनुवंशिक आजाराच्या, वाहकांची मोजणी घेतली होती. वाहक म्हणजे स्वतः धडधाकट माणूस, पण रक्तात तो दोष बाळगून असलेला. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलामागे चारांत एक धोका असतो, की मूल हा आजार घेऊनच जन्माला येईल. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली सहा गावं निवडली, त्यात माझं गाव हौसेने घेतलं. तिथली आशाताई माझी माय रुख्मा, मग यादी चोख असणारच. नावं गुप्त राहावीत म्हणून मला फक्त संकेतांक मिळाले होते.

चार गावांचा हिशेब बरा निघाला. पंचवीस, अठ्ठावीस, अशी सामाईक नावं. आमच्या गावात शाळेच्या यादीत चाळीस, मायच्या यादीत बेचाळीस आणि सामाईक फक्त चार. सूत्रात घातलं तर गावात चारशे वीस वाहक. गाव सगळं मिळून अकराशेचं. तळ्यापलीकडच्या गावात सामाईक तीनच होते, पण तिकडे मी तेव्हा नीट पाहिलंही नाही. मला माझ्याच गावाची लाज वाटत होती.

त्याआधी एकदा माझी अशीच फजिती झाली होती. आमच्या गावतळ्यात मी हौसेने मासे मोजले होते. दोनशेंना निशाणी केली, पुढच्या वेळी तीनशे धरले, त्यात निशाणीचे दोन. म्हणजे तळ्यात तीस हजार मासे. मच्छीमार सोसायटीने बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लंच, आठ हजार सोडली होती. देवानंद सर हसून म्हणाले, “टीना, तुमच्या तळ्यातले मासे लग्न न करता पण वाढतात का?” मी तो प्रयोग गुंडाळून ठेवला.

संकेतांक चुकले असतील तर मूळ नोंदवह्या आमच्या खोलीत बसून पाहून घ्या, असं उपकेंद्राच्या नर्सबाईंनी कळवलं. परवानगीचा कागद घेऊन मी शनिवारी गाडीने अर्जुनीला उतरले आणि पुढे एसटीने गावी आले. बसथांब्यापासून उपकेंद्राकडे तळ्याच्या पाळीवरून जावं लागतं. पाळीवर दुधराम काका जाळं सांधत बसले होते. माझ्यासाठी जाळं ओढलं होतं ते यांनीच.

“काऊन टीना मॅडम, मासोळ्या मोजाले आल्या का परत?” ते म्हणाले.

“नाही काका. तुमच्या मासोळ्यांनी माझं नाक कापलं. दोनशेला निशाणी केली होती, सापडल्या दोन.”

“दोन सापडल्या?” काकांचा चेहरा पडला. “मंग त्या चुकून राहिल्या असतील जी. आम्ही तं समद्या सोडून देऊन राहिलो होतो.”

मी जागच्या जागी थांबले. “सोडून दिल्या म्हणजे?”

“जाळं वर आलं का निशाणीवाली पहिले पाण्यात. तुमी एवढ्या मेहनतीनं निशाणी केली, बिचारीले एकदा दुखलं, आता परत टोपल्यात टाकून कायले तरफडवावं? उरलेल्या तुमाले मोजाले देल्या. सांगा, काई चुकलं का आमचं?”

पन्नास वर्षं जाळं ओढणाऱ्या माणसाने दयेपोटी माझा सगळा प्रयोग पाण्यात सोडला होता आणि वर मी खूश होईन अशी त्याची समजूत होती. मला हसू आलं. मी पाळीवरून हसतच निघाले आणि पिंपळाशी आल्यावर माझं हसू थांबलं. सामाईक चार. दुसऱ्या मोजणीच्या आधी निशाणीवाले कुणीतरी बाजूला काढले असतील तर उत्तर असंच येतं.

उपकेंद्राच्या खोलीत दोन्ही वह्या शेजारी ठेवून मी नावाला नाव लावू लागले. संकेतांकात एकही चूक नव्हती. शाळेच्या वहीतली छत्तीस नावं मायच्या यादीत नव्हतीच. त्यात एकतीस पोरी, पाच पोरं. दहा वर्षांपूर्वी शाळेत होते, म्हणजे आज सगळे लग्नाच्या वयाचे किंवा नुकतेच लग्न झालेले. मायच्या बेचाळीसांत म्हातारी माणसं होती, लेकरं होती, तीन-तीन पोरांच्या आया होत्या. जिच्या दारात पाहुणे यायचे आहेत अशी एकही पोरगी नव्हती.

मला भयंकर राग आला. स्वतःच्या मायचा एवढा राग मला कधी आला नव्हता. चार वर्षांचं काम, सहा गावं, आणि ही बाई यादीतून पोरी सोडून देत बसली होती. तिला काय काय ऐकवायचं याची मनात उजळणी करत मी बोट खाली सरकवत होते आणि सतराव्या ओळीवर बोट थांबलं.

खुशी श्यामलाल, इयत्ता दहावी, वाहक.

श्यामलाल माझे बाबा. खुशी माझी धाकटी बहीण. मी ती ओळ पुन्हा वाचली, जन्मतारीख पाहिली, मग बोटाने पुसून पाहिली, जणू शाई ओली असेल. माझी तपासणी कॉलेजात झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं, आणि घरात हा विषय संपला असं मी धरून चालले होते. आकड्यांवर पोट भरणारी मी, एका बहिणीवरून दुसरीचा निकाल लावून मोकळी झाले होते. खुशीचं लग्न गेल्या वैशाखात तळ्यापलीकडच्या अश्विनशी झालं. तिला तिसरा महिना चालू आहे. अकरावा आठवडा, हे मला पाठ आहे, कारण ती दर सोमवारी मला फोनवर आठवडा सांगते.

तेवढ्यात खांद्यावरची पिशवी सावरत माय आत आली. मी आल्याचं तिला दुधराम काकांनी सांगितलं होतं. तिने उघड्या वह्या पाहिल्या, माझं बोट कुठे आहे ते पाहिलं आणि समोरच्या बाकावर बसली.

“खुशीचं सिकलसेल तपासणीचं कार्ड कुठे आहे?” मी विचारलं.

“तांदळाच्या डब्यात,” माय म्हणाली. “तळाशी.”

“तिला माहीत आहे?”

“नाई. शाळेनं कार्ड माह्याच हातात देलं होतं.”

मी वही तिच्यासमोर सरकवली. मायच बोलू लागली, एरवी ती औषधाच्या गोळ्या समजावून सांगते तशी, हळू आणि सरळ. “पुष्पांजलीचं नाव मी लिवलं होतं. खरं खरं लिवलं. शिबिरात एकानं मोठ्यानं वाचलं. दोन सोयरिकी मोडल्या तिच्या. चौतीस वर्षांची झाली पोरगी, अजून बापाच्या घरी. मी रोज तिच्या दारावरून जातो, ती मले पाणी देते. ते पाणी माह्या गळ्याखाली उतरत नाई टीना. मंग मी ठरवलं, लगन होईपर्यंत एकाही पोरीचं, पोराचं नाव लिवाचं नाई. लेकरं झाली का मंग लिवाचं.”

“लेकरं झाल्यावर लिहून काय उपयोग, माय?”

“मले समजत नाई का? खुशीले माह्याकडूनच आलं ते. मी स्वतः वाहक आहो.” तिने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला. “म्हणून तं मी आंधळेपणानं नाई केलं. सोयरीक जुळाच्या आधी मी पलीकडच्या गावात गेली होती. चंदाले भेटली. तिथली आशाताई तेच आहे. तिची सारी यादी माह्या डोळ्यानं पाह्यली, वरून खालपर्यंत. अश्विनचं नाव त्यात नाई. तेव्हाच हो म्हटलं.”

मी मायकडे पाहत राहिले. मला पलीकडच्या गावाचा आकडा आठवला, ज्याकडे मी नीट पाहिलं नव्हतं.

“माय, चंदामावशीच्या गावात शाळेच्या यादीशी जुळणारी नावं किती निघाली, माहीत आहे?”

“किती?”

“तीन.”

तिला सूत्र ठाऊक नव्हतं. ते समजावून सांगायची गरजही पडली नाही. आधी ती नुसती ऐकत होती, मग तिची नजर बाकावरच्या स्वतःच्या यादीकडे गेली आणि तिथून हलली नाही. ज्या यादीवर भरवसा ठेवून तिने पोरगी दिली होती, ती यादी तिच्यासारख्याच एका बाईने, तिच्याइतक्याच मायेने लिहिली होती.

पलीकडच्या गावची शाळेची वही या उपकेंद्रात नव्हती. मायने मोबाइल काढला, चंदामावशीचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन बाकावर ठेवला.

“चंदा, रुख्मा बोलून राहिली. एक विचारतो, खरं सांग. आमचा जावई, अश्विन. शाळेत त्याचं काय निघालं होतं?”

पलीकडे कुणाच्या तरी अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. चंदामावशी म्हणाल्या, “चांगलं पोरगं आहे ते, रुख्माबाई. माह्या हातानं कसं लिवू? मी म्हटलं, पोरगी तं आशाताईच्या घरची आहे, तिचं काई असतं तं तू सांगितलंच असतं मले.”

चंदामावशींनी दोनदा हॅलो म्हटलं आणि मग फोन ठेवला.

माझ्या मनात आकडा आला, चारांत एक, आणि पहिल्यांदा मला त्या आकड्याची भीती वाटली. नागपूरला पोटातल्या बाळाची तपासणी होते, ती करून घ्यायला अजून वेळ हातात आहे, एवढं मी कसंबसं मायला सांगितलं. ती मान हलवत होती, पण ऐकत होती की नाही कोण जाणे.

मग तिने पिशवीतून पेन काढलं, स्वतःची यादी पुढे ओढली आणि बेचाळिसाव्या नावाखाली लिहिलं, खुशी. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. बापाचं नाव लिहिलं, मग थांबली आणि ते खोडून नवऱ्याचं लिहिलं.

“आता लाव तिले फोन,” ती म्हणाली. “तू नको बोलू. मीच सांगीन.”