तीनशे वजा

त्या सोमवारी खोलीत सतरा मुले होती, अकरा आया होत्या, दोन आज्या होत्या आणि एकच बाप होता. भिंतीवर फळांचा तक्ता होता. त्यातले सफरचंद कोणीतरी नखाने खरवडून काढले होते. छताच्या कडीला दोरी होती आणि दोरीला मी. माझ्या गोल तबकडीवर दोनशे पन्नास रेषा आहेत. एक रेष म्हणजे शंभर ग्रॅम. शून्य आणि पंचवीस किलो यांची रेष एकच आहे, म्हणून दोनशे एक्कावन्न भरत नाहीत. हे मी स्वतः मोजले आहे. टांगून ठेवलेल्याला वेळ भरपूर असतो.

मित्रांनो, मैंदर्गीच्या बाहेर एक वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीतला मी वजनकाटा. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. खाली झोळी अडकवतात, झोळीत मूल बसवतात, स्प्रिंग ताणली जाते आणि काटा फिरतो. मला येते ते एवढेच.

माझ्याबरोबर आलेली निळी झोळी तिसऱ्या वर्षी फाटली. तेव्हा इथल्या सेविका सिद्धम्माबाईंनी घरची जुनी सोलापुरी चादर कापून नवी झोळी शिवली. ती मऊ होती. त्यात बसताना मुले रडेनाशी झाली. पण चादरीचे कापड जाड. नवी झोळी आधीच्यापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त भरली. अशा वेळी माझ्या पाठीवरचा स्क्रू फिरवून काटा पुन्हा शून्यावर आणायचा असतो. माझा स्क्रू गंजून बसला होता. त्यामुळे रिकामी झोळी अडकवली तरी मी तीनशे दाखवू लागलो.

बाईंनी त्यावर उपाय काढला. मी आठ किलो दाखवले की त्या "तीनशे वजा" म्हणायच्या आणि वहीत सात किलो सातशे लिहायच्या. पाच वर्षे असे चालले. ते शब्द मुलांनाही पाठ झाले. अंगणात कुत्र्याचे पिल्लू पिशवीत घालून ती वजन करत आणि ओरडत, "तीनशे वजा!"

फसत कोणीच नव्हते, तरी मला लाज वाटायची. रोज चुकीचे बोलायचे आणि समोरच्याने ते मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायचे, हे काही जगणे नव्हे.

मग त्या सोमवारच्या आधीच्या महिन्याचे वजन झाल्यावर सोलापूरहून गुरुशांत नावाचा दुरुस्ती करणारा आला. त्याने स्क्रूवर तेल सोडले, तासभर वाट पाहिली आणि झोळीसकट माझा काटा अगदी शून्यावर आणला. त्या दिवशी बाई तालुक्याला बैठकीला गेल्या होत्या. गुरुशांतने एका कागदावर "शून्य दुरुस्त केले, झोळीसह" असे लिहून तो माझ्या पाठीवर चिकटवला. माझी पाठ भिंतीकडे असते. मदतनीस बाई खिचडी ढवळत होत्या. निरोप द्यायचा त्या विसरल्या.

मी मात्र खूश होतो. मी सुधारलो होतो.

त्या सोमवारी सातवा नंबर सृष्टीचा होता. वय वीस महिने. तिची आई मायाक्का, बाप हरिबा, घरी मेंढरे. मागच्या महिन्यात सृष्टी वहीत सात किलो पाचशे होती, म्हणजे वहीतल्या वाढीच्या तक्त्यावर पिवळ्या रंगात. हिरवा रंग चांगला, पिवळा काळजीचा, लाल धोक्याचा. तेव्हा बाईंनी मायाक्काला बजावले होते, की रोज एक अंडे, दिवसातून चार वेळा भरवणे, भाकरीच्या काल्यात तेल.

बाईंनी झोळीसह सृष्टीला उचलून अडकवले. मी सात किलो सातशे दाखवले.

"तीनशे वजा," बाई म्हणाल्या. "सात चारशे." आणि त्यांचे पेन थांबले. "मायाक्का, शंभर गिराम घटलीया की गं. लाल झाली पोरगी. चौदा दिवस दवाखान्यात ठेवावी लागंल."

"घटली?" मायाक्का म्हणाली. "बाई, म्हैनाभर रोज अंडं घातलंय. चार-चार बार भरवलंय. कामावरनं दुपारी पळत येऊन भरवलंय."

"मग घटली कशी?"

"मला इचारताय?"

"दिष्ट लागलीया," कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या. "मीठ-मिरची उतर. अंड्यानं काय हुतंय?"

मायाक्काने सृष्टीला झोळीतून काढून कडेवर घेतले. "जाऊ द्या. घातलं काय, न घातलं काय, सारकंच की. उद्यापासनं न्हाय घालत."

मित्रांनो, मी सात किलो सातशेच म्हणालो होतो. पोर दोनशे ग्रॅमने वाढली होती, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. माझ्याकडे काटा आहे, तोंड नाही. मी बरोबर बोललो आणि ऐकणाऱ्याने माझी जुनी चूक त्यातून वजा केली. यात चुकले कोण? मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात दारात उभा असलेला हरिबा म्हणाला, "बाई, पोर जड झालीया. माज्या हाताला कळतंय."

"तुमचा हात काय सरकारी काटा हाय व्हय?"

"ईस वर्सं मेंढरं उचलतोय. पावशेराचा फरक पडत न्हाय."

"ती मेंढरं हायत. हे लेकरू हाय."

"वजनाला काय ठावं, मेंढरू का लेकरू?"

आया हसल्या. बाई चिडल्या. हरिबाने फळीवरचे डाळीचे पाकीट उचलले. "ही टांगा बघू."

बाईंनी झोळीत पाकीट ठेवून ती मला अडकवली. मी एक किलो दाखवले.

"तीनशे वजा," बाई म्हणाल्या. "सातशे."

"पाकिटावर एक किलो छापलंय की," मायाक्का म्हणाली.

"मग डाळवाल्यानं मारली आसंल."

"आन् डाळवाल्यानं नेमकी तीनशेच मारली व्हय?" हरिबा म्हणाला.

बाईंनी पाकीट काढले आणि नुसती झोळी तशीच लटकू दिली. मी शून्यावर थांबलो. पाच वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच रिकामा पाहिला. मग त्यांनी मला फिरवले आणि पाठीवरचा कागद वाचला.

"अगं यव्वा!" त्या म्हणाल्या.

खिचडीचा चमचा खाली पडल्याचा आवाज आला.

सृष्टीचे वजन पुन्हा झाले. सात सातशे. "तीनशे..." बाईंनी जीभ चावली, तोवर पोरांनी एका सुरात "वजा!" म्हणून टाकले होते.

"म्हंजी वाडली?" मायाक्काने विचारले.

"दोनशेनं."

"मग हिरवी झाली?"

"न्हाय. पिवळीच. लाल मातर न्हाय."

"एवढं करून रंग त्योच?"

"त्योच."

तिने वहीतल्या तक्त्यावरच्या पिवळ्या रंगावर बोट ठेवून पाहिले. उद्यापासून ती अंडे घालणार की नाही, हे मला कळले नाही. आधीच्या सहा मुलांची वजने बाईंनी खोडून पुन्हा केली.

मित्रांनो, तेव्हापासून मी गोंधळलो आहे. मी चुकीचा होतो तेव्हा वहीतली सगळी वजने बरोबर होती. मी बरोबर झालो आणि एका सकाळीत सात वजने चुकली. माझ्या सुधारण्याने एकाही मुलाचा एक ग्रॅम वाढला नाही. वाढवणे हे माझे कामही नाही. मग सुधारून मी काय मिळवले? पुन्हा तो गंज हवा का, असे स्वतःला विचारले, तर तेही नको वाटते. माझी विनंती छोटी आहे. माझ्यासारख्याच्या स्क्रूला वर्षातून एकदा तेल घाला. आणि वजनाला बसण्याआधी त्याला एकदा रिकामा टांगून बघा. कदाचित तो कालचा राहिलेला नसेल.

काल पुढच्या महिन्याचे वजन झाले. बाईंनी आधी नुसती झोळी टांगली. काटा शून्य. सृष्टी, वय एकवीस महिने : सात किलो नऊशे ग्रॅम.