बाराच्या दारूचा काळा खल

ढाणकीच्या एका अंगणात, पपईखाली, चिमण्या ज्याच्यात अंघोळ करतात तो जुना लाकडी खल म्हणजे मी. मित्रांनो, आता माझं वय झालं. दिवसभर डुलक्या घेतो आणि डुलकीत मला झरीचं जंगल दिसतं. मी तिथलं धावड्याचं झाड होतो. अंगावर ऊन-सावली हलायची, मुळांशी मुंग्या चालायच्या, आणि मला वाटायचं की जग एवढंच आहे. मग उकंडा नावाच्या कारागिराने माझ्या खोडाचा ठोकळा घेतला आणि कोरून कोरून मला पोट दिलं. गुडघ्याएवढा झालो तेव्हा मला थोपटून तो म्हणाला, "जाय बाप्पा, चांगल्या घरी पड."

मी पडलो रहेमानच्या घरी. माझी चुलत भावंडं, म्हणजे घरोघरची उखळं, मिरच्या आणि तीळ कुटत होती. कुणाकुणाचं उखळ पांढरंही झालं. माझं पोट मात्र कायम काळं. रहेमानकडे बाराची दारू तयार व्हायची. प्यायची नव्हे, उडवायची. लग्नात, उरुसात, जत्रेत जो बार उडतो आणि छातीत घुमतो, त्याची ही काळी पूड.

बत्ता चालवता चालवता रहेमान आपल्या बायकोला, रशीदाला, या पुडीच्या गोष्टी सांगायचा. फार पूर्वी म्हणे चीन देशातले जाणते लोक अमर होण्याचं औषध शोधत होते आणि हाती हे लागलं. मला त्याचं अजून हसू येतं. पुढे ती पूड व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या संगतीने देशोदेशी फिरली, तोफांत शिरली, डोंगर फोडू लागली आणि हिंडत हिंडत लग्नाच्या मांडवाशी आली. जुन्या भिंतींवर फुलणारा सोरा, पिवळा गंधक आणि कोळसा, एवढ्या तिघांचा तो संसार. कोण किती आणि कसं, ते माझ्या पोटातच राहू द्या.

मित्रांनो, ही पूड फार मानी. तिच्या खोलीत शिरण्याआधी रशीदा बांगड्या आणि पैंजण काढून ठेवायची. पाय अनवाणी, अंगावर जुनं सुती, जमिनीवर पाण्याचा शिडकावा. बत्ता लाकडाचाच. लोखंडाला तर उंबऱ्याबाहेर थांबावं लागे, कारण लोखंड लोखंडावर आपटलं की ठिणगी पडते. इतकं करूनही तिची मर्जी कधी फिरेल ते सांगता येत नसे. सारा कारभार दबक्या पावलांनी चाले आणि माझा आवाज यायचा धप्प, धप्प, मऊ. त्या तालावर मी जंगलाची स्वप्नं पाहायचो. बार उडाला की लोक म्हणायचे, "वा रे रहेमान." तेव्हा मलाही मनातल्या मनात फुगायला व्हायचं.

मग एका ईदला रशीदाने नवऱ्यासाठी टेरीलीनचा सदरा शिवला. आकाशी रंगाचा, मोठ्या मायेने. ईद झाली तरी रहेमानला तो अंगावेगळा करवेना. एका दुपारी तोच घालून तो वाळत घातलेल्या पुडीजवळ गेला. कोरडा उन्हाळा होता. ओणवा होऊन त्याने बाही वर सारली. कोरड्या हवेत टेरीलीन अंगाला घासलं की कसं चटचट करतं ते तुम्हाला ठाऊक असेल. मी दारातून पाहिलं, एक ठिणगी, काजव्याएवढी. मग सगळं पांढरं झालं.

रहेमान वाचला, पण त्याचे डोळे गेले. लोकांनी विचारलं, कसं झालं रे बाबा? तो म्हणाला, "बिडी पेटवली होती मी. माहीच चूक." सदऱ्याचं नाव त्याने काढलं नाही. काम बंद झालं, परवाना बुडाला, आणि मला माळ्यावर चढवलं. तिथे मी वर्षानुवर्षं झोपलो. लाकूड वाळलं, कुशीत भेग पडली आणि त्या भेगेत जुनी पूड तशीच राहिली. कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर फार वाटायचं.

आत्ता, गेल्या उन्हाळ्यात, रहेमानचा मुलगा फिरोज मला घ्यायला माळ्यावर आला. फिरोजचं गावात वेल्डिंगचं दुकान आहे. त्याचा जिवलग मित्र अश्वजित याचं लग्न होतं आणि त्यात जुन्यासारखा एक बार उडावा अशी फिरोजची हौस. कृती त्याने मोबाइलवर पाहिली होती. त्याची बायको कहकशां म्हणाली, "अब्बाचे डोळे गेले याच्यात. कायले करून राह्यले तुम्ही?"

"अब्बानं बिडी पेटवली होती," फिरोज म्हणाला. "मी बिडीले हात लावतो काय? मले काय होते?"

त्याने माझी भेग पाहिली आणि त्याला माझी दया आली. मला दुकानात नेऊन त्याने माझ्या काठावर लोखंडी कडं बसवलं, भेगेवर पट्टी मारली. बत्त्याच्या टोकालाही लोखंडी टोपी घातली. "अब्बाच्या वेळची चीज आहे, टिकली पाह्यजे," असं म्हणत त्याने मला पुसलं. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी मायेने हात लावत होतं, आणि मी भीतीने गारठलो होतो. मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

दुपारी मागच्या खोलीत सामान आलं. फिरोजने ते माझ्या पोटात ओतलं आणि चाळणी आणायला तो अंगणात गेला. कहकशां मन मारून कुटायला बसली आणि तिने बत्ता उचलून माझ्या काठावर जरासा आपटून पाहिला.

ठण्ण.

अंगणातल्या खाटेवर रहेमान पेंगत होता. तो ताडकन उठला. माझा आवाज त्याच्या हाडांत मुरलेला. आज तो वेगळा आला होता. भिंत चाचपत तो दारात आला. "बहू, हात वरच ठेव. खाली नको आणू. अज्याबात नको." कहकशांचा बत्ता हवेतच राहिला. "फिरोज, पाणी आण. बादलीभर." फिरोजने बादली आणली आणि रहेमानने आपल्या हाताने ती माझ्यात रिती केली. पाणी काठावरून सांडलं. मग कुठे कहकशांने बत्ता बाहेर नेऊन ठेवला आणि ती भिंतीला टेकून रडली.

रहेमानने मला चाचपलं. बोटं कड्यावर थांबली.

"लोखंड कोनं बसवलं?"

"मी, अब्बा. फाटून राह्यला होता म्हणून."

"मायेनं बसवलं ना? तो सदराबी मायेनंच शिवला होता." रहेमान खाली बसला. "बिडी नव्हती रे. टेरीलीनच्या सदऱ्यानं उडाली ठिणगी. तुह्या अम्मीच्या जिवाले लागू नाही म्हणून खोटं बोललो. त्या खोट्यानं आज बहू गेली असती."

दारात रशीदा उभी होती. शेजारच्या नंदाबाईकडून ती केव्हा परतली ते कुणाला कळलं नव्हतं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "बिडी ओढणाऱ्या मानसाचा वास बायकोले समजत नाही का? तुम्ही माह्यासाठी लपवून राह्यले, म्हणून म्याबी तुमच्यासाठी चूप राह्यली."

मग ती रहेमानजवळ बसली आणि तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

अश्वजितचं लग्न ढोल-ताशात झालं. बार नाही म्हणून तो रुसला नाही. "तू आला ना, बस," म्हणाला. फिरोजने मला धू धू धुतलं, माझं कडं आणि पट्टी काढली आणि मला पपईखाली ठेवलं. कहकशां रोज सकाळी माझ्यात पाणी भरते. पाणी पिऊन लाकूड फुगलं आणि माझी भेग आपोआप मिटली. मला लोखंड कधी लागणारच नव्हतं.

मित्रांनो, ही पूड घरात करायची गोष्ट नाही. मोबाइल कृती सांगतो, पण तो तुमच्याबरोबर त्या खोलीत बसत नाही. बार उडवायचाच तर ते काम परवान्याच्या माणसांचं, त्यांनाच करू द्या. आणि घरात कुणी मोठा माणूस अपघाताची गोष्ट सांगत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "आबा, खरं काय झालं होतं?" तेवढं एक फिरोजने कधी विचारलं नव्हतं. आता तो रोज संध्याकाळी अब्बाच्या खाटेशी बसतो. मी पपईखालून ऐकत ऐकत झोपी जातो.