गाडी चालू झाल्यावरचा चहा

मयताच्या घरी बसायला आलेला माणूस चपला काढतो, भिंतीला टेकतो, जरा वेळ खाली बघतो आणि मग विचारतोच, "कसं काय झालं हो?" सगळं आधीच गावभर झालेलं असतं, तरी ते घरच्यांच्या तोंडून ऐकायचं असतं, आणि घरच्यांनीही पहिल्यापासून सांगायचं असतं. न सांगून सुटका नाही. अंकुर गेल्यापासून त्याची आई सीताबाई हेच करत होती. मेडशीची माणसं उठली की शेतशेजारी यायचे, ते उठले की सोयरे, आणि म्हातारीला प्रत्येकासाठी लेक पुन्हा मारावा लागायचा.

उज्ज्वला, अंकुरची बायको, आतल्या खोलीत बसून ऐकायची. मालेगावच्या एका कॉलेजात ती तासिकेवर मराठी शिकवायची आणि कथानक म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ होता. घटना नुसत्या एकीमागे एक ठेवल्या तर बातमी होते, एकीच्या पोटातून दुसरी निघाली तर कथानक होतं, असं ती पोरांना दरवर्षी सांगायची. पोरं माना डोलवायची आणि परीक्षा झाली की विसरून जायची.

घडलं होतं ते बातमीएवढंच. थंडीच्या दिवसांत, भल्या पहाटे, अंकुर मोटारसायकलवर फुलकोबीची पोती बांधून भाजीच्या हर्रासाला, पहाटेच्या लिलावाला, निघाला. वाटेत तुरीच्या वावरातून एक रोही, घोड्याएवढा नीलगायीचा नर, रस्त्यावर उडाला. गाडी घसरली, अंकुरचं डोकं दगडावर आदळलं. रोही पलीकडच्या वावरात निघून गेला.

तेरवी झाली की उज्ज्वलाचा भाऊ वीरेंद्र तिला माहेरी कामरगावला न्यायला येणार होता. तिला जायचं नव्हतं. ज्या सासूनं 'तू पोरं शिकव, वावर मी पाह्यतो' म्हणून तिला नोकरीसाठी उंबऱ्याबाहेर पाठवलं, तिच्याजवळच तिला राहायचं होतं. सीताबाईनं एकदा 'राह्य' म्हणावं, एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. मागायची मात्र तिला लाज वाटत होती.

सुरुवातीला सीताबाईच्या सांगण्याला ना शेंडा ना बुडखा. दगडापासून सुरू व्हायचं, अंकुरच्या बारशाला पोचायचं, तिथून दवाखान्यात. पण शेवटी न चुकता चहा यायचा. "चहा पिऊन गेला माहा लेक. उज्ज्वलानं करून देल्ला. उपाशी नाही गेला." मग बाया डोळे पुसायच्या आणि आतल्या खोलीकडे मायेनं बघायच्या. त्या घरात तेवढाच एक दिलासा उरला होता.

अंकुरचे इंद्रभानमामा आले त्या दिवशी सीताबाईचा गोंधळ झाला. आधी चहा प्याला, मग पोती बांधली, असं ती म्हणाली, मग उलटं म्हणाली, मग रडायलाच लागली. उज्ज्वलाला राहवलं नाही. मोडकं वाक्य दिसलं की दुरुस्त करायचं, ही जन्माची खोड. ती आतून म्हणाली, "नाही आई, गाडी चालू झालती. मी आवाज देल्ला, थंडी हाये, घोटभर घेऊन जा म्हटलं. मंग ते वापस आले."

"म्हंजे निंगाला होता, अन् थांबवला," एवढंच इंद्रभानमामा म्हणाले. त्यात वाईट हेतू काही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून चहा शेवटी येईनासा झाला. तो मध्ये आला, मग मध्यातून वर सरकला, आणि एका सकाळी गोष्ट सुरूच तिथून झाली, "निंगाला होता माहा लेक." त्याच्या आजूबाजूला बाकीचं आपोआप गोळा झालं. रात्री कुत्रं रडलं होतं. दूध सांडलं होतं. गाडी एका लाथेत चालू झाली होती, जणू तिलाही घाई होती. आता सांगणं कुठं भरकटत नव्हतं, ऐकणारा श्वास धरून बसायचा. सासू एका अक्षरानं खोटं बोलत नव्हती, आणि तेच उज्ज्वलाला जास्त झोंबत होतं. चहा तोच होता, पण त्याची जागा बदलली आणि बाया आतल्या खोलीकडे बघेनाशा झाल्या.

एका दुपारी घर रिकामं होतं. उज्ज्वला सासूजवळ जाऊन बसली. रोही कधीही आला असता, ती म्हणाली, चहा घेतला नसता तरी आला असता, आणि नसताही आला. त्याचा नि ह्याचा काही संबंध नाही.

"नसंन," सीताबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पन मंग माहा लेक कायच्यानं मेला? उगीच मेला? तूच सांग."

उगीच मेला, हे आईला सांगायची हिंमत उज्ज्वलात नव्हती, आणि खरं म्हणजे तिला स्वतःलाही ते पेलत नव्हतं.

तेरवीला वीरेंद्र जीप घेऊन आला. पंगती उठल्यावर चतुराबाई आली, सीताबाईची लांबची बहीण. तिनंही 'कसं काय झालं' विचारलं. सीताबाईचा घसा रडून रडून पार बसला होता. तिनं सुनेकडे बोट केलं, तू सांग.

उज्ज्वलाला वाटलं, आता. सगळ्यांसमोर एकदा नीट सांगू. तिनं रोहीपासून सुरुवात केली. अंधार होता, तो अचानक आला, कोणाचं काही चाललं नाही.

चतुराबाई ऐकत होती. "पन त्याची जायाची येळ तं लवकरची ना?"

"हो."

"मंग त्या दिसी?"

"थोडा उशीर झाला."

"काहून?"

सगळे तिच्याकडे बघत होते. उज्ज्वलाला कळत होतं की इथं उत्तर नाही दिलं तर गोष्ट उभी राहत नाही, आणि अर्धवट गोष्ट घेऊन इथून कोणी उठणार नाही.

"निंगाले होते ते," ती म्हणाली. "मी वापस बलावलं."

आणि मग तिनं पहिल्यापासून सांगितलं. कुत्रं सांगितलं, सांडलेलं दूध सांगितलं, चालू गाडी सांगितली, कपातली वाफ सांगितली. शिकलेली जीभ ती, तिनं कुठं अडखळू दिलं नाही. बाया पदर तोंडाला लावून रडल्या. चतुराबाईनं पुढं काही विचारलं नाही. सांगताना उज्ज्वलाला ते पटत गेलं, आणि संपलं तेव्हा पुरतं पटलं होतं.

"असंच झालं," सीताबाई बसक्या आवाजात म्हणाली.

वीरेंद्र उठला, आत गेला आणि बहिणीची पिशवी घेऊन बाहेर आला. दारातच सीताबाई बसली होती. तिनं त्याला वाट द्यायला पाय आखडून घेतले.